सात मणी जास्त

आमच्या दारातल्या निंबाला फुलोरा आला, की मला उगाचच दम लागल्यासारखं होतं. डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, परागकणांची ॲलर्जी असेल. असेल बुवा. श्वासाच्या बाबतीत मी डॉक्टरांशी वाद घालणं केव्हाच सोडलं आहे. पण ही ॲलर्जी कसली आहे ते मला ठाऊक असल्यामुळे त्यांनी लिहून दिलेली गोळी मात्र घेत नाही.

फुलं अगदी बारीक, पांढरट. हात लावावा तर चुरा होतात. माझी बायको निर्मला सकाळी पायऱ्या झाडते आणि दुपारी मी कचेरीतून जेवायला येतो तोवर पायऱ्या पुन्हा पांढऱ्या झालेल्या असतात. गेल्या आठवड्यात असाच फुलांचा सडा पडलेला असताना उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रात्रीची लाइट गेली. आता घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे मी शहाण्यासारखा झोपून राहिलो. दोन तासांनी इन्व्हर्टरनेही मान टाकली. माझ्या श्वासाच्या मशीनची घरघर बंद पडली आणि त्या शांततेने मला जाग आली. मी मास्क काढतो न काढतो तोच छातीवर हात आला. निर्मलाचा. सहा वर्षांत तो हात असा आला नव्हता, पण जागा चुकला नाही.

घरात लग्नमुंज निघाली, चार भाचे-पुतणे जमले, की मला फर्माईश होते, "काका, मशीनची गोष्ट सांगा ना!" मग मी सांगतो. सोंडेची गोष्ट, कुंकवाची गोष्ट, शेजारच्या तिवारीजींची गोष्ट. पोरं हसून गाद्यांवर लोळतात. निर्मला आत पोळ्या करत असते, तीही मधूनच एखादा विसरलेला तपशील बाहेर फेकते. गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी संपते, त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, छतावर. तिथे मी थांबतो आणि पाणी मागतो. पुढची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

तर दुखण्यापासून सुरू करतो.

मी सिंचाई विभागात नकाशे काढतो. कालवे, पाट, गेटं. इंदूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं तेव्हा ते हिंदीत बोलत होते आणि हवेत बोटाने रेघा काढत होते. झोपेत श्वास थांबणारे बहुतेक लोक घोरणारे असतात, त्यांचा गळा आतून मिटतो. माझा गळा चांगला उघडा होता. माझ्या बाबतीत मेंदूच मधूनमधून श्वासाचा हुकूम द्यायला विसरत होता. मला क्षणात उमगलं. धरणात पाणी आहे, कालवा साफ आहे, गेटाला गंज नाही. वरून पाणी सोडायचा कागदच येत नाही. आमच्या खात्यात हे रोजचंच. इतकी वर्षं ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याची चाल अंगात मुरली, दुसरं काय!

मला ते इंदूरला कळलं. निर्मलाला दीड वर्ष आधीच कळलं होतं.

तिची झोप सावध. तिच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नात दिलेली तुळशीची माळ तिच्या उशाशी असायची. झोप आली नाही की ती पडल्या पडल्या जप करायची. एका रात्री तिच्या लक्षात आलं, की माझ्या एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत मणी फारच पुढे जाताहेत. सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, काल तुम्ही तेरा मणी थांबला होतात."

"कुठे थांबलो होतो?"

"श्वास घ्यायचे."

"तुझा जप फास्ट असेल," मी म्हणालो आणि पोह्यांवर शेव घालून घेतली.

त्यानंतर तिने नियम करून टाकला. एक हात माझ्या छातीवर ठेवून दहा मण्यांपर्यंत वाट पाहायची. दहावा मणी सरकला की माझ्या खांद्याला हलवायचं आणि म्हणायचं, "अहो, श्वास घ्या." पाहुण्याला चहा घ्या म्हणावं, तसं. मी घ्यायचो. मला काही आठवायचंही नाही. रात्रीतून किती वेळा हे व्हायचं ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी विचारायचो ते भलतंच. वरणात दोनदा मीठ पडलं, की विचारायचो, "झोपेत स्वयंपाक केलास का?" टेंपोत बसल्या बसल्या तिची मान माझ्या खांद्यावर पडली, की समोरच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचो, "आमच्या घरी कुंभकर्णाचं माहेर आहे." माणसं हसायची. मला माणसं हसलेली आवडतात.

इंदूरला एक रात्र डोक्याला तारा चिकटवून झोपवलं. सकाळी डॉक्टर लांबच लांब कागदावरच्या रेघा पाहत बसले. निर्मलाने पर्समधून माळ काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या मराठमोळ्या हिंदीत सांगितलं, कधी नऊ, हलवूनही कधी तेरा, एकदा सोळा. डॉक्टरांनी घड्याळ लावून तिला मणी सरकवायला लावले. मग हसले. "भाभीजी, आपकी माला और हमारी मशीन एक ही बात कह रही है." बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "बघ, तुला आता या दवाखान्यात नोकरी मिळेल." रिक्षात बसल्यावर मला दिसलं, ती रडत होती. तिला दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं, की तुम्ही सांगता ते खरं आहे.

मग मशीन आलं. ते दिवसच तसे होते, बाहेरच्या वस्तू गावात येऊ लागण्याचे. देवास गेटच्या दुकानात परदेशी चॉकलेटं, गल्लीत पहिली परदेशी मोटार आणि आमच्या घरात परदेशी श्वास. मुंबईहून इंदूर, इंदूरहून उज्जैन असं मजल दरमजल करत खोकं आलं. आत बुटाच्या डब्याएवढी पेटी, एक लांब नळी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क, त्याला पट्टे. लावून आरशात पाहिलं. गणपतीने नोकरी सोडून घरी बसावं आणि सोंडेला टेलिफोनची वायर लावून घ्यावी, तसा मी दिसत होतो.

सवय व्हायला तीन महिने लागले. सांगताना मी हसवतो, पण ते तीन महिने वाईट होते. डोळे मिटले की कोणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं वाटायचं. मी श्वास सोडू लागलो, की पेटी आत ढकलायची. मी ओढू लागलो, की ती क्षणभर थांबायची. दोघे एका दारातून एकाच वेळी जाऊ पाहताहेत आणि दोघेही 'आधी आप' म्हणताहेत, असा प्रकार. जरा तोंड उघडलं, की हवा सूं करून बाहेर. पोटात वारा भरायचा आणि सकाळी कचेरीत मी असे ढेकर द्यायचो की बडे बाबू म्हणायचे, "जोगलेकर, आज भी दाल-बाफले?" नाकाच्या दांडीवर लाल वळ उठले. निर्मलाने जुन्या सुती साडीच्या चिंध्या फाडून मास्कच्या पट्ट्यांखाली घातल्या, वळांवर खोबरेल तेल लावलं. पुढे कळलं की तेलाने मास्क खराब होतो. झाला. झोपेत मी तो काढून फेकायचो आणि ती उठून पुन्हा लावायची. पट्टा आवळला की गाल आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायची. दोन बोटं जातील इतका सैल, तिसरं जाणार नाही इतका घट्ट.

कुंकवाची गोष्ट याच काळातली. मशीन आलं आणि आठच दिवसांत खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. माझ्या टी-स्क्वेअरची, तिच्या शिवणयंत्राची, अडकित्त्याची, विळीची. निर्मलाने मशीनही पाटावर ठेवलं. म्हणाली, "सगळ्यात मोठं हत्यार तर हेच." हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, पुढ्यात उदबत्ती लावली. कुंकू वाहिलं ते नेमकं मागच्या जाळीवर, जिथून मशीन हवा ओढतं. रात्री मी भक्तिभावाने मास्क लावला आणि रात्रभर देवळात झोपल्याची स्वप्नं पाहिली. महिन्याने इंदूरहून मशीन तपासायला माणूस आला. त्याने आतली गाळणी काढून उजेडात धरली. "साब, ये लाल-लाल क्या है?"

"कुंकू," निर्मला म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तो साब की साँस भी सुहागन है," म्हणाला आणि नवी गाळणी बसवून गेला.

पोरं इथे सगळ्यात जास्त हसतात.

त्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट घडली, ती मी पोरांना सांगत नाही. मशीन मला मानवलं. एका सकाळी दूधवाला दारात ओरडत होता आणि निर्मला गाढ झोपलेली होती. सात वाजून गेले होते. तिची माळ खिळ्याला टांगलेली. तोंड किंचित उघडं, एक हात उशीखाली. दोन वर्षांत मी तिला अंथरुणात अशी झोपलेली पाहिलीच नव्हती. मी झोपायचो तेव्हा ती जागी असायची आणि मी उठायचो तेव्हा ती उठलेली असायची. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या तळाशी काहीतरी टोचलं. आता रात्री मला कोणी हाक मारत नव्हतं. खांद्याला हात लावून कोणी 'अहो' म्हणत नव्हतं. पंचेचाळिशीतल्या घोड्याला हे टोचावं!

मग उन्हाळा आला आणि कटौती आली.

त्या वर्षांत आमच्या प्रांतात विजेची जी दशा होती ती ज्यांनी भोगली त्यांना सांगायला नको. पेपरात वेळापत्रक यायचं, अमुक ते अमुक कटौती. लोक ते कापून भिंतीला चिकटवायचे आणि लाइट भलत्याच वेळी जायची. माळव्यातल्या उन्हाळ्याच्या रात्री गार असतात, म्हणून सगळं गाव छतावर झोपतं. वर पाणी शिंपडायचं, गाद्या टाकायच्या, सुरया भरून ठेवायच्या. मी दोन रात्री खाली खोलीत मशीनजवळ उकडून निघालो आणि तिसऱ्या दिवशी जिन्यातून लांब वायर टाकून मशीन छतावर नेलं. बाजूच्या छतावर तिवारीजी, त्यांचा सगळा गोतावळा. मी मास्क लावताच तिकडे सन्नाटा. मग तिवारीजींचा आवाज, "क्यों जोगलेकर साब, ये सूँड लगा के कां जा रिये हो?"

मी मास्क काढून म्हणालो, "चाँद पे. आपको कुछ मँगाना है?"

"हौ. वां बत्ती हो तो थोड़ी लेते आना."

आणि नेमकी त्याच क्षणी बत्ती गेली. सगळ्या छतांवरून एकच 'अर्रर्र' उठलं. पोरांची गोष्ट इथे संपते.

पुढची अशी. लाइट गेली की मशीन बंद. मग काय करायचं ते इंदूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मास्क काढून टाकायचा, उशी उंच करायची आणि कुशीवर झोपायचं. मी विचारलं होतं, "और साँस?" ते म्हणाले, आपकी साँस लौट आती है, देर से आती है, बस. माझ्यापुरतं तरी, चार-आठ रात्री तुटकतुटक गेल्या म्हणून आभाळ कोसळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा निर्मला खाली औषधाच्या दुकानात गेली होती. तिला मी एवढंच सांगितलं, "लाइट गेली की मास्क काढायचा म्हणाले." बाकीचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःशी म्हणत आलो.

त्यामुळे लाइट गेली, की खिळ्यावरची माळ पुन्हा तिच्या हातात यायची. दहा मणी. खांद्यावर हात. "अहो, श्वास घ्या." आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

वैशाख लागला आणि बऱ्हाणपूरहून तिच्या भावाचा, शरदचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं दिसत नाही. घाबरू नकोस. पण येऊन जा. रोज विचारते, निमू कधी येणार."

सासूबाईंनी इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता, तब्येत चांगली असतानाही नव्हता. त्या जुन्या वळणाच्या. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे बावीस वर्षांत त्या एकदाच उज्जैनला आल्या, महाकाळाच्या दर्शनाला, भर मे महिन्यात. उतरल्या धर्मशाळेत. निर्मला रोज तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर जेवायची. एकदा दुपारच्या उन्हात आमचं घर बघायला आल्या, तेव्हा निंबाच्या सावलीत पायरीवर बसल्या. घाम पदराने टिपत होत्या. निर्मला माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. म्हणाल्या, "नातू झाला की दुधाचा पेला घेईन गं. आत्ता नको." उठल्या, तुळशीला हात लावला, मला म्हणाल्या, "घर छान आहे हो तुमचं," आणि गेल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

फोन ठेवून निर्मला माझ्याजवळ आली. "चार दिवस जाऊन येऊ? आता मशीन आहे ना."

"जा की," मी म्हणालो. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

"पण कटौती?"

"कटौतीचं काय! मास्क काढला आणि झोपलो."

मग तिनेच तोड काढली. एक रात्र पाहू या. ती एकटी छतावर झोपेल, मी एकटा खाली. लाइट गेल्यावर माझा मी उठलो, मास्क काढला, तर ती सकाळच्या पहिल्या बसने निघेल. तिने रेक्झिनची बॅग भरली. दोन सुती साड्या, आईसाठी मऊ धुतलेलं लुगडं, बाजारची शेव. शेव बाजारची म्हणून चालायची, नेमात बसायची. बॅग दाराशी उभी करून ती वर गेली.

लाइट गेली. मशीन थांबलं. आणि मला जाग आली, आज येते तशीच, शांततेने. मी मास्क काढला, उशी उंच केली, कुशीवर वळलो. सगळं डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम. छाती ठीक होती. अंधारात मला बॅगेचा आकार दिसत होता. चार रात्री या खोलीत मी एकटा असेन आणि मेंदू हुकूम द्यायला विसरला तर आठवण करून द्यायला कोणी नसेल, हे त्या बॅगेकडे बघताना मला पहिल्यांदा नीट समजलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती बघायला येत होती.

मी मास्क पुन्हा तोंडावर ओढला. उताणा झालो. डोळे मिटले. आणि श्वास धरला.

हातातला कंदील खाली टेकवून ती पलंगाजवळ बसली. मला मण्यांचा आवाज येत होता, एकावर एक सरकणारा, कोरडा. मी मोजू लागलो. पाच झाले. छाती भरून आली. आठ, नऊ, दहा. आता हलवेल. हलवलं नाही. अकरा. कानात ठोके वाजू लागले. खोटं मरण खरं होण्याची वेळ आली होती आणि मला आतल्या आत हसूही येत होतं, की जोगळेकर, काय ही तुझी गत! मणी सरकतच होते. मग एकदम तिने मास्क ओढून काढला आणि खांदा हलवला. "अहो. श्वास घ्या."

मी दचकून उठल्यासारखं केलं. चांगलं केलं. "किती मणी?" मी विचारलं.

"झोपा," ती म्हणाली.

सकाळी उठलो तेव्हा ती बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवत होती. शेवेचा पुडा तिने माझ्या पोह्यांसाठी फोडला. शरदला फोन केला, "अरे, इकडे कटौती फार आहे. जरा कमी झाली की येते." मी पेपर वाचत होतो. तोंडासमोर पेपर धरायला त्या दिवशी मला फार बरं पडलं.

पाचव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. मी कचेरीतून जेवायला आलेलो. निर्मलाने नुसतं "हं" म्हटलं, पुन्हा "हं", मग "किती वाजता?" उन्हामुळे थांबता येणार नव्हतं, संध्याकाळच्या आत सगळं उरकणार होते. शरद म्हणत होता, "तू आता पळत येऊन काय करणार, ताई. मीच येतो. आईचं म्हणणं होतं, दारात तापी असली तरी अस्थी क्षिप्रेतच सोडा. लेकीच्या गावी."

त्यानंतर चौथ्या दिवशी शरद सकाळच्या बसने देवास गेटला उतरला. मी आणायला गेलो होतो. त्याच्या गळ्यात लाल फडक्यात बांधलेला लोटा. रिक्षात तो लोटा त्याने मांडीवर धरून ठेवला होता. घराशी आलो. अस्थी घरात नेत नाहीत. शरदने इकडेतिकडे पाहिलं आणि लोटा निंबाच्या खालच्या फांदीला बांधला, पायरीवरून हात पोहोचेल असा. आत येऊन हातपाय धुतले. मी त्याला चहा दिला, कारण निर्मला बाहेरच होती.

मी दारातून पाहिलं. ती माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन फांदीखाली उभी होती. वरून निंबाची राहिलेली फुलं तिच्या केसांत पडत होती. बराच वेळ ती तशी उभी राहिली. मग वाकून तिने ते पाणी झाडाच्या मुळाशी हळूहळू ओतलं. "आता तरी घे," म्हणाली.

राम घाटावर क्षिप्रेत पाणी असं नव्हतंच. उन्हाळ्यात नसतंच. पायरीशी हिरवट, थांबलेलं, गुडघाभर. गुरुजींनी मंत्र म्हटले, शरदने लोटा उपडा केला. राख पाण्यावर पसरली आणि तिथेच राहिली. पुढे जाईना. आम्ही वाट पाहिली. गुरुजी म्हणाले, "चलिए, हो गया." निर्मला साडी सावरून पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पाणी पुढे लोटू लागली. लोटायची आणि पाणी मागे यायचं. लोटायची आणि मागे यायचं. सिंचाई विभागातला माणूस, ज्याने आयुष्यभर पाणी कुठून कुठे जाईल याच्या रेघा ओढल्या, तो पायरीवर चपला सांभाळत उभा होता.

यावरून ती मला एक शब्द बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. पावसाळा लागला, कटौती कमी झाली, पुढे इन्व्हर्टर आला. मी मशीनच्या गोष्टी रचत गेलो. लोक हसत गेले. मला वाटत राहिलं, की जे कोणाला ठाऊक नाही ते हळूहळू घडलंच नाही असं होऊन जाईल. फक्त दर वर्षी निंब फुलायचा.

आता गेल्या आठवड्यातली ती रात्र. ट्रान्सफॉर्मर जळालेला, इन्व्हर्टर संपलेला, माझ्या छातीवर तिचा हात. खिडकीतून फुलांचा तो कडूगोड वास. पन्नाशीला आलेला माणूस अंधारात जरा धीट होतो.

"निर्मला," मी म्हणालो, "तुझी आई आजारी होती तेव्हा, त्या रात्री... मी जागा होतो. माझा मी उठलो होतो. मास्कही काढला होता."

हात हलला नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कधीपासून?"

"तेव्हाच. पाचव्या मण्याला तुम्ही आवंढा गिळलात. तुमचा श्वास खरा थांबतो तेव्हा तुम्ही आवंढा गिळत नाही. किती रात्री पाहिलंय मी. चेहरा अगदी मोकळा असतो तेव्हा, लहान पोरासारखा. त्या रात्री तुमच्या कपाळाला आठ्या होत्या."

बाहेर कुठेतरी कोणाचा जनरेटर सुरू होऊन बंद पडला.

"मग गेली का नाहीस?"

तिने हात काढून घेतला. उठून बसल्याचा आवाज आला.

"दहाव्याला हलवायचं, हे ठरलेलं होतं," ती म्हणाली. "मी सात मणी जास्त थांबले. प्रत्येक मण्याला म्हटलं, आता उघडतील डोळे. आता म्हणतील, जा."

मला पुष्कळ बोलायचं होतं. सहा वर्षांत जुळवून ठेवलेली वाक्यं होती, काही तर विनोदीसुद्धा होती. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला, पेटीने हुं केलं आणि नळीतून हवा सुटली.

"मास्क लावा," ती म्हणाली.

"अगं, ऐक तरी..."

"लावा."

मास्क लावला की बोलता येत नाही. तोंड उघडलं की हवा भरते आणि शब्द होत नाही. तिने नेहमीसारखा पट्टा आवळला. गाल आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली. मग दिवा मालवला आणि बाहेर गेली. दाराची कडी वाजली, पायरीवर कोणी बसल्याची चाहूल लागली, आणि पुढे काहीच आवाज आला नाही.

मी आत उताणा पडून होतो. पेटी वेळेवर हवा देत होती, एकही श्वास चुकत नव्हता. आणि माझे डोळे टक्क उघडे होते. ते बघायला खोलीत कोणी नव्हतं.